बार किती हातांवरून झाला

आमच्या घराची वाटणी झाली तेव्हा सगळ्याचे दोन भाग झाले, फक्त बंदुकीचे झाले नाहीत.

वडील वारल्यावर आबांनी, म्हणजे माझ्या काकांनी, वेगळं व्हायचं ठरवलं. भांडण नव्हतं. केळीची बाग मधोमध कापली, विहिरीवरच्या मोटेच्या पाळ्या ठरल्या, एक बैलजोडी इकडे आली, एक तिकडे गेली. माय आणि काकू ओसरीवर बसून तांब्या-पितळेची भांडी एकेक करून उचलत होत्या. शेवटी खुंटीला टांगलेली बंदूक राहिली. ठासणीची एकनळी होती. सातपुड्यातून रानडुकरं उतरायची, म्हणून पिकाच्या राखणीसाठी सरकारनं रावेर तालुक्यात काही जणांना परवाने दिले होते. आमच्या घरचा परवाना आबांच्या नावावर होता.

माझा मोठा भाऊ म्हणाला, "आबा, हिचं काय?"

"परवाना माह्या नावावर हाये. तिचे दोन तुकडे कसे करू?"

"करू ना. नळी तुमची, दस्ता आमचा."

सगळे हसले. आबांचा मुलगाही हसला. तो माझ्याहून वर्षाने मोठा, त्याला मी नाना म्हणायची. लहानपणी तो बंदूक भरायचा तेव्हा दारूचं शिंग मी धरून उभी राहायची. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंधी कोंबून गजाने ठासायची, मग छर्रे, वर पुन्हा चिंधी. घोड्याखाली तांब्याची टोपी बसवली की बार तयार. एकदा उडवली की पुन्हा भरायला चिलीम ओढून होईल इतका वेळ लागायचा. बार झाला की पांढऱ्या धुराचा ढग उठायचा आणि नळीच्या तोंडातून हातभर जाळ निघायचा. मला त्या जाळाची भीती वाटायची, आणि नाना त्यालाच हसायचा.

पहिलं वर्ष ठीक गेलं. डुकरं आमच्या बाजूला आली की भाऊ हाक मारायचा आणि नाना बंदूक घेऊन यायचा. मग एका हिवाळ्यात त्याने छर्ऱ्याने जखमी केलेलं एक डुक्कर मेलं नाही. ते उलटं फिरलं आणि आमच्या सालदारावर, सालाने ठेवलेल्या गड्यावर, गेलं. सालदाराची मांडी गुडघ्यापासून जांघेपर्यंत उसवली. तो वाचला, पण पुन्हा मोटेवर उभा राहू शकला नाही. भाऊ नानाला म्हणाला, "बार टाकता येत नसंल तर बंदूक मले दे." नाना म्हणाला, "परवाना नाही तुले. धरली तर जेलात जाशीन." त्या दिवसापासून हाक मारली तरी नाना येईना.

त्याच्या पुढच्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी सावद्याला सासरी गेले. माहेरच्या बातम्या कानावर येत, त्या सगळ्या डुकरांच्या. रात्री आमच्या बागेत कळप शिरतो, केळीचे कंद उकरून खातो, घड लागलेले खांब आडवे होतात. भावाचं म्हणणं असं की नाना आपल्या बाजूने डबे वाजवतो, बार काढतो आणि कळप मुद्दाम आमच्यात घुसवतो. आबा म्हणत, डुकराला बांध कळतो का? दोघांचंही खरं असेल.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, मी माहेरी आले. लग्न झालेल्या सगळ्या मुली गावात आल्या होत्या, मारुतीच्या पारापाशी चिंचेला झोके बांधले होते. मी झोक्यावर होते आणि खाली भाऊ माणसांत उभा होता. आदल्या रात्री आमच्या बागेत कळपाने मोठा नाश केला होता. तेवढ्यात नाना तिथे आला. कुणीतरी उगाच विचारलं, "काय नाना, कालचा फराळ कोणाच्या घरी?" नाना हसून म्हणाला, "भाऊच्या. पाव्हणे लई व्हते."

भावाच्या हातात बैलाचा आसूड होता. त्याने तो उलटा धरला आणि दांड्याने नानाच्या तोंडावर मारला. नाना खाली बसला. मग भावाने आसूड सरळ धरला. मी झोका थांबवून उतरेपर्यंत चार-पाच फटके बसले होते. एक फटका कानावर आला आणि कानाची पाळी फाटून लोंबायला लागली. आम्ही मुली किंचाळत होतो. माणसांनी भावाला धरलं तेव्हा तो दमला होता, धापा टाकत होता. नाना उठला, कान हाताने दाबून धरला आणि घराकडे गेला. त्याच्या पाठीमागे धुळीत रक्ताचे थेंब पडत गेले.

संध्याकाळी माय भावाला म्हणाली, "तू जाय आन् आबाचे पाय धर."

"मी कायले धरू?"

"तू नाही तर मी जाते."

माय गेलीसुद्धा. काकूने दार उघडलं नाही.

मी सासरी परत जायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. ऊन कलतीला लागलं होतं. भाऊ बागेत पाण्याला दारं धरत होता. मोट सुरू होती, तिचा कुरकुर आवाज बागेच्या आतपर्यंत येत होता. मी भाकरी घेऊन गेले. भावाने बांधाच्या कडेला बसून खाल्लं आणि पुन्हा फावडं घेऊन सरीत उतरला. घामाने बंडी पाठीला चिकटली होती. म्हणाला, "पाणी दे." मी त्याच्या डाव्या हाताला उभी होते. तांब्या देण्यासाठी मी हात पुढे केला.

समोरचं केळीचं पान हललं. वारा नव्हता. पान बाजूला झालं आणि त्याच्या अलीकडे बंदुकीची नळी आली. तिच्या मागे नानाचं तोंड होतं, कानाला फडकं बांधलेलं. तो इतका जवळ होता की फडक्यावरचा हळदीचा डाग मला दिसला. भावाने मान वर केली. "नाना—" एवढंच म्हणाला.

आवाज मला ऐकूच आला नाही. हातावर उकळतं तेल सांडल्यासारखं झालं आणि डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं. धूर विरळ झाला तेव्हा भाऊ सरीत उताणा पडला होता. गळ्याखाली, मुठीएवढ्या जागेत, मांस नव्हतंच. बंडीवर एक जळकी चिंधी चिकटून धुमसत होती. मी ती हाताने विझवली आणि पदराचा बोळा करून भोकात दाबला. रक्त माझ्या बोटांतून येत राहिलं. पाटाचं पाणी थांबलं नव्हतं. ते लाल होऊन पुढच्या सरीत गेलं, तिथून त्याच्या पुढच्या. भावाचे पाय दोनदा झटकले, आणि संपलं.

नाना अजून तिथेच होता. मी उठून त्याच्या अंगावर धावले. नळी धरली, ती तापलेली होती. त्याने दस्ता माझ्या छातीवर मारून मला पाडलं. मग बंदूक घेऊन गावाकडे पळाला, आणि पळता पळता ओरडायला लागला, "डुक्कर व्हतं! डुक्कर समजून बार टाकला! धावा रे!"

तो ओरडा गावाने माझ्या आधी ऐकला.

त्यानंतर काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. भावाला बैलगाडीत घालून आणलं. तोवर भावाचे सोबती आबांच्या घरात घुसले होते. नानाने पोलीस पाटलाच्या घरात शिरून आतून कडी लावली होती, म्हणून त्यांना आबा सापडले. आबांना ओसरीवरून ओढत आणून अंगणात कुऱ्हाडीच्या तुंब्याने, पात्याच्या उलट्या बाजूने, मारलं. डावा पाय दोन ठिकाणी मोडला. त्यांच्या गोठ्यामागची कडब्याची गंज पेटवून दिली. काकू आबांच्या अंगावर आडवी पडली तेव्हा मार थांबला. माय आमच्या दारात भावाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिला आग दिसत होती. ती म्हणाली, "कोनी सांगलं रे तुमाले हे कराले?" पण ते ऐकायला तिथे कोणी नव्हतं.

रावेरहून फौजदार आला. त्याने बंदूक जप्त केली, बागेत जाऊन पंचनामा केला. बागेत डुकरांच्या खुरांचे माग जागोजाग होते, ते तर असणारच. नानाचं सांगणं असं: पन्नास-साठ हातांवर पानं हलताना दिसली, डुक्कर समजून बार टाकला, माणूस असेल हे ध्यानीमनी नव्हतं. आबांचा सालदार म्हणाला की त्यानेही डुक्कर पाहिलं. फौजदाराने त्याला चावडीत उलटं टांगून काठीने झोडलं. मार खाऊन तो म्हणाला, पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सोडून दिल्यावर पुन्हा म्हणाला, पाहिलं. त्याच्या बोलण्याला कसलीच किंमत उरली नाही. उरले फक्त मी आणि नाना. मी म्हणत होते तो चार-पाच हातांवर होता आणि माझ्याकडे बघत होता. फौजदार म्हणाला, "बाई, तुझा भाऊ मेलाय. तू तसंच सांगणार."

माझ्या हातात तीन छर्रे होते. रावेरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने ते काढले. चार माणसांनी मला धरलं होतं. भूल दिली होती, पण पुरली नाही. चिमटा हाडाला लागला तेव्हा मी एकाच्या मनगटाला चावले. डॉक्टर चांगला माणूस होता, पण घाईत होता, बाहेर रोगी ताटकळले होते. त्याने जखमा लिहिल्या आणि खाली लिहिलं: डाव्या हातावर गोंदण. माझ्या हातावर मनगटाच्या वर तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं, खरंच होतं. त्याच्या आजूबाजूला काळेनिळे ठिपके होते, तेही त्याने गोंदणातच धरले. आमच्याकडे कोणत्या बाईच्या हातावर ठिपके नसतात?

हात पिकला. कोपरापर्यंत सुजून काळा पडला. सासऱ्यांनी मला आगगाडीत घालून जळगावला नेलं. तिथले मोठे डॉक्टर गोरे नव्हते, पण लोक त्यांना साहेबच म्हणत. त्यांनी हात कापावा लागेल असं आधी सांगितलं, मग दोन दिवस थांबले, आणि हात वाचला. पट्टी बदलताना एका सकाळी त्यांनी माझा हात खिडकीपाशी उजेडात धरला.

"हे कधी गोंदवलं?"

"तुळस नं? लग्नाआधी."

"तुळस नाही. हे."

"हे गोंदलेलं नाही. त्या दिवसाचं हाये."

त्यांनी हात आणखी जवळ ओढला. भिंग मागवलं. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "त्या दिवशी हातात बांगड्या होत्या का?"

होत्या. पाटल्या होत्या आणि मध्ये काचेच्या बांगड्या होत्या. काचेच्या फुटल्या, पाटल्या दवाखान्यात कापून काढल्या. डॉक्टरांनी मला भिंगातून दाखवलं. ठिपके कोपरापासून मनगटापर्यंत पसरले होते, तुळशीच्या पानांवरही पडले होते. पण मनगटाच्या वर बोटभर रुंदीचे दोन पट्टे कोरे होते, एकही ठिपका नाही. तिथे पाटल्या होत्या.

"गोंदणारी बाई पाटल्या वर सरकवते," ते म्हणाले. "बंदूक नाही सरकवत."

त्यांनी सुईने एक ठिपका उकरून काढला. दुखलं, पण मी हलले नाही. बाजरीच्या दाण्याहून लहान, कोळशासारखा कण. बंदुकीची सगळीच दारू नळीत जळत नाही, काही कण न जळता बाहेर उडतात आणि जवळ जे असेल त्यात रुततात, असं त्यांनी सांगितलं. ते फार लांब जात नाहीत. मग त्यांनी फौजदाराला बोलावणं पाठवलं. नानावर खुनाचा खटला उभा राहिला तो तिथून.

खटला जळगावच्या सेशन कोर्टात चालला. सासूबाईंचं म्हणणं होतं की घरची सून कोर्टात उभी राहणार नाही. सासरे म्हणाले, "तिच्या अंगावर बार झालाय, आपल्या नाही. ती जाईन." एवढं बोलून ते जेवायला बसले. पुढे तो विषय निघाला नाही.

न्यायाधीशांच्या बाजूला दोन असेसर बसवले होते. दोघे चांगल्या जमिनीचे मालक होते. पुरावा ऐकून त्यांनी आपलं मत सांगायचं, मानायचं की नाही ते न्यायाधीशांवर. नाना पिंजऱ्यात उभा होता. कानाची पाळी वाकडी जुळली होती. त्याने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

त्याचा वकील माझ्याशी फार गोड बोलला.

"बाई, तुमच्या हातावर गोंदण आहे ना?"

"हाये."

"रावेरच्या डॉक्टरांनी तसंच लिहिलंय. मग हे ठिपके दारूचे असं तुम्हाला कोणी शिकवलं?"

"कोनी नाही. ते माह्या अंगात हायेत."

"कोर्टाला दाखवा."

कोर्टात सगळे पुरुष होते. मी पदर सावरला आणि हात उघडा करून पुढे केला. न्यायाधीश खुर्चीवरून वाकले, असेसर उठून जवळ आले. जवळच्या असेसरच्या तोंडाला विड्याचा वास येत होता. सासरे मागच्या बाकावर मान खाली घालून बसले होते. मग जळगावच्या डॉक्टरांनी उभं राहून पाटल्यांचे कोरे पट्टे दाखवले, कण किती खोल आहेत ते सांगितलं. वकिलाने गोंदणाचा मुद्दा तिथेच सोडला.

पुण्याकडून एक माणूस आणला होता. फौजेच्या शस्त्रागारात त्याचं आयुष्य गेलं होतं. त्याने नानाचीच बंदूक घेऊन मांजरपाटाच्या पांढऱ्या कापडांवर बार काढले होते, दोन हातांवरून, चार, सहा, मग दहा, वीस, साठ. ती कापडं कोर्टात दोरीवर टांगली. पहिल्याला एकच जळकं भोक होतं. पुढच्या दोहोंवर भोकाभोवती काळे कण होते. दहाच्या कापडावर फक्त छर्रे, आणि साठच्या कापडावर ते इतके विखुरलेले की एकमेकांपासून वीत वीत लांब. मग भावाची बंडी आणून शेजारी टांगली. भोक त्या दोन कापडांसारखंच, भोवतीचे काळे कणही तसेच. रक्त वाळून ती पत्र्यासारखी कडक झाली होती. मी ती विसरले होते. ती मीच शिवली होती. शिपायाने मला बाकावर बसवलं आणि पाणी दिलं.

वकिलाने त्या माणसाला विचारलं, "आरोपीने त्या दिवशी किती दारू भरली होती ते तुम्हाला माहीत आहे?"

"नाही."

"मग अंतर नक्की सांगता येईल?"

"नक्की नाही. पण सहा हातांच्या पलीकडून हा बार झालेला नाही. दारू दुप्पट भरून पाहिली, तरी नाही."

इथे मला वाटलं संपलं. पण वकील हुशार होता. दुसऱ्या दिवशी त्याने बाजू फिरवली. ठीक आहे, म्हणाला, पाच हात धरू. न्यायाधीशसाहेबांनी केळीची भरगच्च बाग पाहिली आहे का? पाच हातांवरचा बैल दिसत नाही. आरोपी घाबरला, अंतर चुकून जास्त सांगितलं. पानापलीकडे काही हललं, त्याने पानातून बार टाकला. दोघे असेसर माना हलवायला लागले. त्यांच्याही बागा होत्या, त्यांनीही पानांवर बार टाकले असतील. मलाही ते खोटं म्हणता येईना. बाग तशीच असते.

सरकारी वकील उठला आणि त्या पुण्याच्या माणसाला त्याने विचारलं, "मध्ये केळीचं पान असतं तर हे कण बाईंच्या हातापर्यंत गेले असते का?"

त्या माणसाने नकारार्थी मान हलवली. मग म्हणाला, "केळीच्या पानावर मी कधी बार काढलेला नाही. काढून सांगतो."

न्यायाधीशांनी परवानगी दिली. सकाळी पोलिसांच्या मैदानावर सगळे जमले. दोन्ही वकील, असेसर, न्यायाधीश स्वतः. जळगावलगतच्या बागेतून ताजी पानं कापून आणली होती. मी गेले नाही, सासरे गेले. परत आल्यावर त्यांनी पगडी काढून ठेवली आणि माझ्यासमोर बसले. एरवी ते माझ्याशी थेट बोलत नसत.

"पाच वेळा पानं लावली," ते म्हणाले. "दर वेळी पानाले हे एवढं भगदाड. छर्रे पार झाले, मागच्या कापडाले भोकं पडली. पन कण समदे पानावर. बुक्का उधळल्यावानी. कापडावर इकडेतिकडे चुकार दोन-चार, तेबी भोकाजवळ." मग म्हणाले, "पान मधी नव्हतं, पोरी. तू म्हनते तसंच हाये. नळी पानाच्या अलीकडे व्हती."

पान मध्ये नव्हतं म्हणजे त्याला दिसत होतं. पाच हातांवर पांढरी बंडी घातलेला माणूस आणि लुगड्यातली बाई. खटला एवढ्यावर आला.

असेसरांनी तरीही मत दिलं की अपघात असावा. न्यायाधीशांनी ते मानलं नाही. त्यांनी फाशी सुनावली. आबा कुबडीवर उभे होते, ते खाली बसले. बाहेर आवारात भावाचे सोबती ओरडायला लागले, एकाने गुलाल उधळला. माय त्यांच्यात गेली आणि गुलाल टाकणाऱ्याच्या तोंडावर थुंकली.

वरच्या कोर्टात काही बदललं नाही. नाना तेव्हा धुळ्याच्या तुरुंगात होता. पावसाळा संपता संपता काकू सावद्याला आमच्या दारात आली. आत आली नाही, पाणी घेतलं नाही. म्हणाली, "त्याले भेटाले जायचं हाये. आबाचा पाय चालत नाही. तू चाल माह्यासंगं. तुह्या बोलन्यानं तो तिथी गेला, तूच मले दाखव." सासूबाई नको म्हणत होत्या. मी गेले.

चाळीसगावला गाडी बदलून आम्ही धुळ्याला उतरलो.  तुरुंगातला शिपाई तिकडचाच, अहिराणी बोलणारा म्हातारा होता. "काय बोलनं शे ते बठ्ठं इथूनच बोला, माय," म्हणत त्याने आम्हाला जाळीपाशी बसवलं. नानाला आणलं. तो फार वाळला होता. काकूने जाळीला डोकं लावलं आणि रडायला लागली. तो तिला म्हणाला, "रडू नको. बैलाले पेंड देता का?" मग माझ्याकडे वळला.

"तू काहून आली?"

मी हातावर पदर ओढून घेतला.

"मी त्याले मारलं. गावासमोर कान फाडला त्यानं माहा. पुन्हा आला तर पुन्हा मारीन." त्याचा आवाज चढला, शिपाई पुढे झाला. "तुले नव्हतं मारायचं. हात कायले आनला मधी? सांग ना! हात कायले आनला?" त्याने जाळीवर दोन्ही मुठी आपटल्या. शिपायाने त्याला मागून धरलं, तो झटापट करत राहिला, दारातून ओढून नेईपर्यंत तेच विचारत राहिला. मी हात पाणी द्यायला आणला होता. 

परतीच्या वाटेवर पाचोऱ्याला गाडी बराच वेळ थांबली. काकू उतरली, म्हणून मीही उतरले. नळावर तिने तोंड धुतलं, वळली, आणि माझ्या थोबाडीत मारली. मग केस धरले, मारत राहिली, पाठीवर, डोक्यावर, जखमेच्या हातावर. मी खाली बसले आणि डोकं गुडघ्यांत घातलं. तिचा मार मला लागत होता, पण उठावंसं वाटत नव्हतं. माणसं जमली. एका हमालाने तिला मागे ओढलं. "काय चाललंय बाई? कोण ही तुमची?"

"पुतनी हाये," काकू म्हणाली. "तुमी जा."

इंजिनाची शिटी झाली. डब्यात गर्दी होती, तिने आधी चढून मला वर घेतलं. आम्ही दारापाशी बसलो. भुसावळ येईपर्यंत तिची धाप थांबली नव्हती.

नानाला फाशी झाली तेव्हा मी सावद्यालाच होते, मला दोन दिवसांनी कळलं. बंदूक सरकारजमा झाली. आबांना पुन्हा परवाना मिळाला नाही, त्यांनी मागितलाही नाही. पुढची काही वर्षं डुकरं दोन्ही बागांत सारखीच उतरत होती. मायने रात्रीच्या राखणीला दोन माणसं ठेवली. शेवटी तिने केळी काढून, डुकरं तोंड लावत नाहीत म्हणून, कपाशी लावली. आबांनीही पुढच्या हंगामात तेच केलं.